मोल आणि किंमत : मानवतची एक पद्मिनी आणि जुन्या मोटारींचा इतिहास

१/ रेल्वेच्या वेळापत्रकात परभणीजवळ 'मानवत रोड' नावाचे एक स्थानक आहे. परगावचा प्रवासी तिथे उतरतो आणि गाव शोधू लागतो. गाव तिथे नाही. ते काही मैल दूर आहे. स्थानकाच्या नावापुढे 'रोड' हा शब्द लागला, की रेल्वे प्रांजळपणे सांगत असते : इथवर आम्ही आणले, पुढची वाट तुमची तुम्ही पाहा. आजचा थ्रेड त्या उरलेल्या वाटेविषयी आणि तिच्यावर धावलेल्या वाहनांविषयी. 🧵

२/ निमित्त एका मोटारीचे. मानवतमधील आमच्या गल्लीत एक काका राहतात. आयुष्यभर कापसाच्या अडतीत हिशेब लिहिले. त्यांच्याकडे १९८६ सालची 'प्रीमियर पद्मिनी' आहे. १९९४ मध्ये ती त्यांनी जुनी म्हणूनच विकत घेतली आणि आजही रोज चालवतात. तिच्या नोंदणीची मुदत यंदा, २०२६ मध्ये संपते. ती वाढवावी की गाडी मोडीत काढावी, यावर त्यांच्या घरात दिवाळीपासून वाद सुरू आहे.

३/ काकांची मते तीन आणि तिन्ही ठाम. एक, गाडी रोज चालली तरच जिवंत राहते. दोन, किंमत बाजार ठरवतो, मोल वापर ठरवतो. तीन, जुन्या गाड्या नव्यांपेक्षा भक्कम होत्या. मी इतिहासाचा विद्यार्थी. मला इंजिनातले फारसे कळत नाही. तथापि ही तिन्ही विधाने वस्तुतः इतिहासाविषयीची विधाने आहेत. म्हणून त्यांची परीक्षा इतिहासाच्याच साधनांनी करून पाहू.

४/ प्रथम रस्ता. मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज मार्ग हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर खुला केला. मराठवाड्याचा कापूस त्या रुळांवरून बाहेर जाऊ लागला. परंतु जिनिंगपासून स्थानकापर्यंत कापूस नेणार कोण? बैलगाडी. आणि माणसे? टांगा, दमणी, नाहीतर पाय. आगगाडीचे युग आले म्हणून बैलाचे युग संपले नाही. उलट स्थानकापर्यंतच्या वाटेवर बैलाचे काम वाढले.

५/ मानवत तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाने १९३२ मध्ये रेल्वेच्याच अखत्यारीत रस्ते वाहतूक खाते काढले. आरंभी २७ बस आणि १६६ कर्मचारी. रेल्वे आणि बस एकाच व्यवस्थापनाखाली असणे ही त्या काळात लक्षणीय बाब होती. ब्रिटिश मुलखात त्याच सुमारास खासगी मोटारवाले रेल्वेचे प्रवासी पळवतात म्हणून तक्रारी चालल्या होत्या. निजामाच्या मुलखात रेल्वेने स्वतःच बस चालवून तो प्रश्न निकालात काढला.

६/ हा कालक्रम लक्षात ठेवा. 'एसटी' म्हणताच आपण १ जून १९४८ ची पुणे-अहमदनगर ही पहिली फेरी आठवतो. ती मुंबई प्रांताची कथा. सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा त्या प्रांतातही नव्हता आणि भारतीय संघराज्यातही नव्हता. परंतु सरकारी बस मात्र त्याआधी १६ वर्षे संस्थानात धावत होती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे १९६१ मध्ये त्याची बससेवा राज्य परिवहन महामंडळात मिळाली.

७/ आता त्याच संस्थानातील एक मोटार पाहू. सहावे निजाम महबूब अली खान यांच्यासाठी एका रोल्स रॉइस सिल्व्हर घोस्टची मागणी नोंदवली गेली. रंग पिवळा, मागे सिंहासनासारखे उंच आसन. १९११ मध्ये निजाम निवर्तले आणि गाडी त्यानंतर पोचली. पुढील कित्येक दशकांत ती जेमतेम काही शे मैल चालली. आज ती हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात आहे, नव्यासारखी लखलखीत.

८/ काकांना मी तिचे छायाचित्र दाखवले. ते म्हणाले, "बाळा, ही गाडी नाही, ही पालखी आहे." या एका वाक्यात पुराणवस्तू आणि वाहन यांतला भेद आला. सिंहासनाच्या गाडीचे महत्त्व ती न चालण्यात आहे. पद्मिनीचे महत्त्व मानवत रोडला रात्रीच्या गाडीने आलेल्या पाहुण्याला घरी आणण्यात आहे. इतिहासकाराला दोन्ही हव्यात. मात्र वस्तुसंग्रहालयात पहिलीच पोचते.

९/ मग 'पद्मिनी' आली कुठून? त्यासाठी सोलापूरला जावे लागेल. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापुरात झाला. जहाज, विमान आणि मोटार हे तिन्ही उद्योग भारतीयांच्या हाती यावेत, हा त्यांचा ध्यास. १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन, १९४० मध्ये बंगळुरूचा विमान कारखाना आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स. मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये पहिली वाहने बाहेर पडली.

१०/ मुंबईत मोटारी त्याआधीही जोडल्या जात होत्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जुळणीचा कारखाना उघडला होता. परंतु सुटे भाग परदेशातून आणायचे आणि इथे नुसते जोडायचे, हा तो व्यवहार. १९५३ मध्ये शुल्क आयोगाच्या शिफारशीनंतर सरकारने भूमिका घेतली : जे इथे टप्प्याटप्प्याने प्रत्यक्ष निर्मिती करतील, तेच राहतील. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनीही गाशा गुंडाळला.

११/ उरले कोण? प्रवासी मोटारींत मुख्यतः तीन नावे. कोलकात्याजवळील उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स, मुंबईची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. जीपसाठी महिंद्र. १९५४ पासून प्रीमियरने इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही गाडी भारतात आणली. तिचा पुढचा भाग गोलसर आणि नाकाड्या. म्हणून मुंबईकरांनी तिला नाव दिले 'डुक्कर फियाट'. परदेशी यंत्र स्वकीय झाल्याची खूण हीच : लोक त्याला टोपणनाव देतात.

१२/ त्या मालिकेतील १९६४ ची सुधारित आवृत्ती म्हणजे 'डिलाइट'. फियाटशी असलेला करार संपल्यावर तीच गाडी आधी 'प्रेसिडेंट' आणि मग १९७४ च्या सुमारास चित्तोडच्या राणीच्या नावावरून 'पद्मिनी' झाली. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवलेला गिअर. नावे बदलली, दिवे आणि जाळी बदलली. सांगाडा बव्हंशी तोच राहिला. विसावे शतक संपेपर्यंत तो कारखान्यातून बाहेर पडत होता.

१३/ एकच आराखडा ३५ वर्षांहून अधिक काळ कसा टिकला? उत्तर परवाना पद्धतीत आहे. किती मोटारी काढायच्या हे सरकार ठरवत असे. परदेशी चलन तुटपुंजे होते. मोटार ही चैन मानली जाई. मोटारींचे वाटप १९५९ च्या नियंत्रण आदेशाने बांधले गेले आणि १९६९ मध्ये किमतीही सरकारने ठरवून दिल्या. ग्राहक रांगेत उभा आहे, स्पर्धक नाही, मग नवा आराखडा आणण्याची निकड कोणाला?

१४/ या टंचाईने 'जुने' या शब्दाचा अर्थच उलटा केला. आज नवी गाडी शोरूमबाहेर पडताच तिची किंमत घसरते. त्या काळी नियंत्रित किमतीला मिळालेली गाडी बाजारात लगेच अधिक भावाने विकता येई, स्कूटरचेही तेच. बजाजच्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून थांबत. रांगेतला नंबर हीच एक मालमत्ता होती. आपल्या आजोबांच्या पिढीने वाहन का जपले, हे या अर्थकारणावाचून कळणार नाही. त्यात प्रेम होतेच. पण दुसरे वाहन मिळण्याची खात्री नव्हती, हेही होते.

१५/ याच काळात इचलकरंजीत एक विलक्षण प्रयोग घडला. शंकरराव कुलकर्णी यांनी सामान्य माणसाला परवडेल अशी छोटी मोटार स्वतः घडवायला घेतली. १९४९ मध्ये पहिला नमुना तयार झाला आणि पुढील दोन-अडीच दशके त्यात सुधारणा होत राहिल्या. गाडीचे नाव 'मीरा'. इंजिन मागे, झटके शोषायला रबराची रचना, अपेक्षित किंमत १२,००० रुपये. ती कधीच बाजारात आली नाही. स्वस्त लहान मोटार हवी, असे सरकारी समित्याही सांगत होत्या. परवाना मात्र मीराच्या वाट्याला आला नाही.

१६/ इकडे मानवतसारख्या गावांत मोटार म्हणजे काय होते? मोजक्या अडत्यांच्या, डॉक्टरांच्या दारी एखादी फियाट वा अँबेसेडर. बाकी सर्वांसाठी एसटी आणि नंतर काळी-पिवळी जीप. १९७२ च्या दुष्काळात हजारो लोकांनी खडी फोडली आणि त्या खडीवर मराठवाड्यातील अनेक रस्ते उभे राहिले. ज्या रस्त्यावरून आपण पाऊण तासात परभणीला पोचतो, त्याच्याखाली कुणाच्या तरी आजीचे श्रम असू शकतात. मोटारीचा इतिहास लिहिताना रस्ता विसरणे हा मोठा अन्याय होय.

१७/ १४ डिसेंबर १९८३. दिल्लीत पहिल्या मारुती ८०० च्या किल्ल्या ग्राहकाच्या हाती गेल्या. किंमत सुमारे ४७,५०० रुपये, इंजिन ७९६ सीसी. फियाट आणि अँबेसेडर एका रात्रीत 'जुन्या' झाल्या. आमच्या काकांच्या गाडीचा जन्म त्यानंतर तीन वर्षांनी झाला, म्हणजे ती जन्मतःच जुनी होती! पुढे टाटांची सुमो १९९४ मध्ये आली. तिचे नाव सुमंत मुळगावकर यांच्या नावातील आद्याक्षरांवरून ठेवलेले. काळी-पिवळीच्या रांगेत जीपशेजारी तीही उभी राहू लागली.

१८/ आता काकांचे तिसरे मत : जुन्या गाड्या भक्कम होत्या. इथे मी त्यांच्याशी असहमत आहे. आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक जुनी गाडी ही टिकलेली गाडी असते. ज्या गंजल्या, मोडल्या, भंगारात गेल्या, त्या साक्षीला येत नाहीत. किल्ले पाहून 'पूर्वीची बांधकामे टिकाऊ' म्हणणारे मातीची लाखो घरे विसरतात, तसेच हे. टिकलेल्यांवरून सर्वांविषयी निष्कर्ष काढणे, हा इतिहासाच्या अभ्यासातील सर्वांत मोहक प्रमाद आहे.

१९/ मग पद्मिनी टिकली कशी? माझे उत्तर : तिची दुरुस्ती शक्य होती म्हणून. आराखडा ३५ वर्षे न बदलल्याने १९६८ च्या गाडीला पुढच्या दशकांतले कित्येक भाग चालत. गावोगावच्या मिस्त्रींचे हात एकाच इंजिनावर तयार झाले. कार्बोरेटर खोलणे, ब्लॉकला बोअर मारणे, नव्या रिंगा टाकणे, ब्रेक-लायनर बदलणे, एखादा भाग मिळालाच नाही तर लेथवर घडवून घेणे, ही कामे तालुक्याच्या ठिकाणी होत. परवाना पद्धतीने नावीन्य मारले. त्याच पद्धतीने नकळत दुरुस्तीची एक संस्कृती जोपासली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

२०/ त्या संस्कृतीचे दस्तऐवज कुठे आहेत? जवळजवळ नाहीतच. काकांचे मिस्त्री आता सत्तरीचे आहेत. इंजिनाचा आवाज ऐकून ते बिघाड सांगतात. लिहून ठेवलेले काही नाही. त्यांच्या मुलाने गॅरेजचा व्यवसाय घेतला नाही. मी त्यांच्या दोन मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या, तेव्हा ते संकोचून म्हणाले, "यात लिहिण्यासारखं काय आहे साहेब?" राजवाड्यांच्या कागदांना दप्तरखाने मिळाले, मिस्त्रीच्या ज्ञानाला एक वहीही मिळू नये?

२१/ वहीचे नाव निघाले म्हणून सांगतो. काका हिशेबनीस. १९९४ पासून त्यांनी गाडीचा रोजमेळ ठेवला आहे : चार जाड वह्या. तारीख, किलोमीटर, किती पेट्रोल, कोणती दुरुस्ती, किती पैसे, सोबत कोण. 'सेलू, लग्न.' 'परभणी, दवाखाना.' 'पाथरी, अंत्यविधी.' एका ठिकाणी केवळ एवढेच : 'मानवत रोड. लेकीला सोडले.' त्या दिवशी पेट्रोलचा आकडा लिहायचा राहिला आहे. तीस वर्षांच्या वह्यांत रिकामा राहिलेला तेवढा एकच रकाना मला सापडला.

२२/ या वह्यांवरून काकांचे दुसरे मत तपासता येते. त्यांचा युक्तिवाद असा : नव्या गाडीचा पहिला मोठा खर्च म्हणजे घसारा, तो खिशातून जाताना दिसत नाही, म्हणून कोणी मोजत नाही. जुन्या गाडीचा खर्च म्हणजे डागडुजी. ती दिसते, म्हणून बोचते. वह्या पाहता त्यांच्यापुरते हे खरे आहे. पण त्यात त्यांनी रविवारी स्वतः हात काळे करून केलेल्या कामाची मजुरी कुठेच धरलेली नाही. मी ते दाखवले, तर म्हणाले, "छंदाची मजुरी लावतात का?"

२३/ आता कायदा. 'पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात' असे सर्रास सांगितले जाते. ते दिल्ली परिसरातील पेट्रोल गाड्यांवरील निर्बंधांवरून आलेले आहे. महाराष्ट्रात खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. योग्यता तपासणीत गाडी उत्तीर्ण झाली, तर ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. काकांनी २००१, २००६, २०११, २०१६ आणि २०२१ असे पाच वेळा हे केले. पाचही पावत्या वहीत चिकटवलेल्या आहेत.

२४/ मात्र खर्च बदलला. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारीसाठी ते १०,००० करण्यात आले. शिवाय पर्यावरण कर वेगळा. धोरण स्पष्ट आहे : जुनी गाडी ठेवणे महाग करायचे, म्हणजे लोक ती मोडीत काढतील.

२५/ दुसऱ्या बाजूला, जुलै २०२१ मध्ये केंद्राने 'व्हिंटेज' वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी मोटारीला वेगळी नोंदणी मिळते. शुल्क २०,००० रुपये, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. अट एक : ती रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, फेरी, देखभाल एवढ्यापुरतीच ती बाहेर पडेल.

२६/ या दोन नियमांच्या मधोमध काकांची पद्मिनी उभी आहे. वय ४०. मोडीत निघण्याइतकी ती म्हातारी आणि वारसा ठरण्याइतकी मात्र अजून तरुण. त्यासाठी २०३६ उजाडावे लागेल. आणि वारसा ठरली, तर तिला लेकीला आणायला मानवत रोडला जाता येणार नाही. आपल्या व्यवस्थेत वस्तूला ऐतिहासिक मूल्य मिळते, ते तिचा वापर थांबल्यावर. पिवळ्या सिल्व्हर घोस्टसाठी हा नियम शोभतो. पद्मिनीचा इतिहास मात्र तिच्या वापरातच आहे.

२७/ दुसरी बाजूही न्याय्यपणे मांडली पाहिजे. भारतात पेट्रोल मोटारींसाठी उत्सर्जनाचे पहिले निकष १९९१ मध्ये आले. काकांची गाडी त्याआधीची. देशभर शिसेविरहित पेट्रोल फेब्रुवारी २००० मध्ये आले; तिचे इंजिन त्याआधीच्या इंधनासाठी घडलेले. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाडीच्या तुलनेत तिचा धूर कितीतरी घातक आहे. तिच्यात हवापिशव्या नाहीत. काकांची सून म्हणते, "नातवंडांना यात बसवायचं नाही." तिचे म्हणणे भावनाशून्य नाही, ते जबाबदारीचे आहे.

२८/ मुंबईने हा प्रश्न तारखेने सोडवला. तिथे टॅक्सीची वयोमर्यादा २० वर्षे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती. म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. वर्तमानपत्रांत लेख आले, लोक हळहळले. हजारो गाड्या मात्र त्याआधीच निमूटपणे भंगारात गेल्या होत्या. शेवटच्या वस्तूचा निरोप समारंभाने होतो. शेवटून दुसरीची नोंदही राहत नाही.

२९/ राहिले काकांचे पहिले मत : गाडी रोज चालली तरच जिवंत राहते. मिस्त्री याला दुजोरा देतात. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, रबरी सील सुकतात, टाकीत गंज धरतो. मला वाटते, स्मृतीचेही असेच आहे. मोटारीविषयी बोलणारे, ती खोलणारे, तिच्यातून सासरी गेलेले लोक आहेत, तोवरच तिचा इतिहास लिहिता येतो. नंतर उरतो तो पत्रा.

३०/ काकांचा निर्णय? गेल्या आठवड्यात घरात तह झाला. नातवंडे मुलाच्या नव्या गाडीतून जातील. पद्मिनी तपासणीत उत्तीर्ण झाली, तर काका १०,००० भरून शेवटची पाच वर्षे घेतील आणि ती गावापुरतीच चालवतील. नापास झाली, तर हट्ट धरणार नाहीत. तपासणी पुढील महिन्यात आहे. दरम्यान मी चारही वह्यांची पानन् पान छायाचित्रे काढून ठेवली. निकाल काहीही लागो, रोजमेळ शाबूत राहील.

३१/ आता आपल्याकडे मागणे. घरात जुने आरसी बुक, पेट्रोलच्या पावत्या, वाहनासोबत काढलेली छायाचित्रे असतील, तर ती फेकू नका. क्रमांकाची पाटीदेखील साधन आहे. १ जुलै १९८९ नंतरच्या नव्या पद्धतीत परभणीला 'एमएच-२२' मिळाले. हिंगोली १ मे १९९९ रोजी वेगळा जिल्हा झाला आणि पुढे त्याला 'एमएच-३८' मिळाले. म्हणून हिंगोलीतील त्याआधीच्या गाड्यांवर आजही परभणीचा क्रमांक दिसतो. फाळणीपूर्व जिल्ह्याचा तो चालताबोलता नकाशाच!

३२/ आणि गल्लीतील मिस्त्रींकडे एकदा वही-पेन घेऊन जा. 'पहिली गाडी कोणती खोलली?' एवढाच प्रश्न विचारा; पुढचे ते सांगतील. जे मिळेल ते खाली लिहा. गावाचे नाव आणि साल अवश्य टाका. मानवत रोडपासून पुढची वाट, रेल्वेने सांगितल्याप्रमाणे, आपली आपणच पाहायची आहे. (समाप्त)